जपानी बोलण्याचा सराव: यंत्र आपले बोलणे लिहून देते, पण चुका झाकूनही टाकते

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांची दुखरी जागा एकच आहे, म्हणून हा धागा काढते आहे. मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी (वरून दुसरी) उत्तीर्ण झाले तेव्हा १८० पैकी ९० गुणांची अट सहज ओलांडली होती. वाचन बरे होते आणि कांजी या चित्रलिपीची भीती गेली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी कार्यालयात जपानी ग्राहकासोबत पहिली बैठक झाली. त्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला की हे काम शुक्रवारपर्यंत का होणार नाही. उत्तर मला ठाऊक होते आणि त्यातला प्रत्येक शब्दही येत होता, पण तोंडातून ‘एत्तो... एत्तो...’ (आपल्या ‘अं... अं...’सारखे) यापलीकडे काही निघेना. शेवटी आमच्या वरिष्ठांनी इंग्रजीत उत्तर दिले आणि मी उरलेला अर्धा तास वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखे केले.

यात दोष परीक्षेला देता येत नाही, कारण तिने तसे वचन कधी दिलेच नव्हते. जेएलपीटी १९८४ पासून घेतली जाते आणि २०१० पासून तिच्या एन-फाइव्ह ते एन-वन अशा पाच पातळ्या आहेत, पण शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण हे सगळे बहुपर्यायी प्रश्नांतून तपासले जाते. बोलण्याची परीक्षा त्यात नाही. तोंड न उघडता वरच्या पातळीचे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि माझे तसेच झाले होते.

गेले आठ महिने मी रोज रात्री एक प्रयोग करते आहे. एखादा विषय घ्यायचा (आज कार्यालयात काय झाले, घराजवळचा रस्ता का खोदला आहे, आईची गुळाची पोळी कशी होते) आणि त्यावर तीन मिनिटे जपानीत न थांबता बोलून ते ध्वनिमुद्रित करायचे. मग ते मुद्रण श्रुतलेखन करणाऱ्या यंत्राला द्यायचे आणि त्याने लिहिलेला मजकूर वाचायचा. शाळेत बाई सांगत आणि आपण लिहून घेत असू. इथे आपण सांगतो आणि यंत्र लिहून घेते, एवढाच फरक.

पहिल्याच आठवड्यात मला माझा एक असा दोष दिसला जो चार वर्षांत वर्गात कोणी दाखवला नव्हता. ‘माझा नवरा नाशिकला गेला आहे’ असे मी बोलले होते आणि पडद्यावर उमटले की माझा कैदी नाशिकला गेला आहे. नवऱ्यासाठी शब्द आहे ‘शुजिन’, आणि कैद्यासाठी ‘शूजिन’; फरक केवळ पहिल्या स्वराच्या लांबीचा. नवऱ्याला हे वाचून दाखवल्यावर तो म्हणाला की यंत्राचे काही चुकलेले नाही. तो विनोद सोडून दिला तरी मुद्दा गंभीर आहे. आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, त्यावरून गुणही घालवतो, पण बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फारसा फरक करत नाही. जपानीत मात्र ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बियर. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. उलट जोडाक्षरांत मराठी माणूस तरून जातो, कारण ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांचा भेद आपल्या कानात बालपणापासून असतो. ‘किते’ (ये) आणि ‘कित्ते’ (काप) माझे कधीच चुकले नाहीत. ‘कीते’ (ऐक) मात्र दर दोन वेळांपैकी एकदा ‘किते’ म्हणून उमटत होते.

यावर मला उपाय सापडला तो आठवीच्या व्याकरणाच्या पुस्तकात. जपानी भाषेचा ताल मात्रांवर चालतो आणि मात्रा मोजणे आपल्याला वृत्तांमुळे ठाऊक असते. ‘शु-जि-न’ तीन मात्रा, ‘शु-उ-जि-न’ चार. ‘ओ-बा-सा-न’ चार, ‘ओ-बा-आ-सा-न’ पाच. शेवटचा ‘न’ तिकडे स्वतंत्र मात्रा धरतात, एवढे लक्षात ठेवायचे. हायकूतले पाच-सात-पाच म्हणजेही या मात्राच. मी बोटांच्या पेरांवर मोजत बोलू लागले आणि दोन महिन्यांत नवरा कैदेतून सुटला.

आता ज्यासाठी धागा काढला ते सांगते. चौथ्या-पाचव्या महिन्यात माझे ट्रान्सक्रिप्ट फार सुंदर येऊ लागले. वाक्ये सलग, विभक्तीसारखी येणारी पदे योग्य जागी, अडखळणे जवळजवळ नाहीच. मी खूश होते. मग एका रविवारी सहज मूळ मुद्रण कानाला लावून मजकूर ओळीओळीने ताडून पाहिला. त्या तीन मिनिटांत मी ४१ वेळा ‘एत्तो’ म्हटले होते आणि मजकुरात ते फक्त दोनदा होते. तीन ठिकाणी मी ‘नि’ या पदाऐवजी ‘दे’ हे पद वापरले होते, तिथे यंत्राने मुकाट्याने ‘नि’ लिहिले होते. एका ठिकाणी तर मी चक्क मराठीत ‘म्हणजे’ म्हणाले होते, ते गायब होते. म्हणजे मी सुधारले नव्हते. माझा लेखनिक माझ्या चुका पोटात घालत होता.

तोच मजकूर मग मी एआयला ‘सुधारून दे’ म्हणून दिला, तेव्हा त्याने आणखी एक थर चढवला. माझ्या साध्या वाक्यांची त्याने कंपनीच्या पत्रात शोभेल अशी आदरार्थी, लांबलचक जपानी केली, आणि वर उच्चार उत्तम असल्याची पावतीही दिली. मी त्याला केवळ मजकूर दिला होता. माझा आवाज त्याने ऐकलाच नव्हता.

तेव्हा प्रश्न असा आहे की या साधनांचा उपयोग बोलणे सुधारण्यासाठी नेमका कसा करावा, म्हणजे ती आपल्याला खूश ठेवणार नाहीत. जपानीच नव्हे, कोणतीही भाषा शिकणाऱ्या किंवा शिकवणाऱ्यांनी लिहावे.

शंकासुर

धागा आवडला, पण मूळ गृहीतकच मला पटत नाही. बोलणे ही दोन माणसांत घडणारी गोष्ट आहे आणि तुम्ही ती एका खोलीत बंद करून यंत्रासमोर करत आहात. माझे आजोबा सोलापुरात कन्नड आणि तेलुगू दोन्ही अस्खलित बोलत. त्यांनी कोणते ट्रान्सक्रिप्ट काढले होते? बाजारात उभे राहिले की भाषा येते.

इंद्रायणीकाठ

शंकासुर, आपल्या आजोबांना सोलापूरचा बाजार मिळाला होता. मला आळंदी रस्त्यावर जपानी बाजार कुठून मिळणार? जपानी मातृभाषक शिक्षकाचा ऑनलाइन तास मी आठवड्यातून एकदा घेते, त्यापेक्षा जास्त परवडत नाही. उरलेल्या सहा दिवसांसाठी हा खटाटोप आहे. शिवाय बाजारातल्या माणसाला आपले म्हणणे कळले की तो भाजी तोलून देतो, आपली चूक सांगत बसत नाही. चांगुलपणाने चूक पोटात घालण्याच्या बाबतीत माणूस आणि यंत्र सारखेच वागतात, असे मला आता वाटू लागले आहे.

तंत्रवेडा

धागाकर्तीने ज्याला ‘पोटात घालणे’ म्हटले आहे त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आज फार वापरले जाणारे एक मुक्त श्रुतलेखन-प्रारूप (मॉडेल) म्हणजे ओपनएआयचे व्हिस्पर. ते सप्टेंबर २०२२ मध्ये खुले झाले. त्याला सुमारे ६,८०,००० तासांचे ध्वनिमुद्रण आणि त्याचा मजकूर देऊन शिकवले गेले, आणि त्यांपैकी १,१७,००० तास इंग्रजीखेरीजच्या ९६ भाषांचे होते. हा साठा महाजालावरून गोळा केलेला होता. आता महाजालावर भाषणाखाली किंवा चित्रफितीखाली जो मजकूर असतो तो कोणीतरी आधीच साफ केलेला असतो. वक्ता ‘अं... म्हणजे... ते आपले हे’ म्हणाला तरी उपशीर्षकात ते येत नाही. यंत्र तेच शिकले: ऐकायचे सगळे, लिहायचे मात्र नीटनेटके.

दुसरे म्हणजे असे प्रारूप प्रत्येक पुढचा शब्द ठरवताना दोन साक्षीदारांना विचारते. एक साक्षीदार ध्वनी, दुसरा आतापर्यंत लिहिलेला मजकूर. ध्वनी अस्पष्ट असला की दुसऱ्याचे पारडे जड होते आणि ‘या जागी सहसा काय येते’ ते लिहिले जाते. शिकाऊ माणसाची चूक म्हणजे नेमकी सहसा न येणारी गोष्ट. त्यामुळे तुमचे जपानी जसजसे बरे होत गेले, तसतसा यंत्राला अंदाज बांधणे सोपे होत गेले आणि ‘दे’चे ‘नि’ होऊ लागले. तुम्ही खूप वाईट बोलत होता तेव्हा ते जास्त प्रामाणिक होते, असे म्हटले तरी चालेल.

यावर तीन गोष्टी करून पाहा. व्हिस्परला सुरुवातीला नमुन्यादाखल थोडा मजकूर देता येतो. त्यात मुद्दाम ‘एत्तो, आनो, एत्तो’ असे अडखळणारे वाक्य लिहून दिले तर पुढे ते अशा उद्गारांना बरेचसे जागा देते. दुसरे, ध्वनीला अधिक चिकटून राहणारी, प्रत्येक क्षणाच्या आवाजाला अक्षर देत जाणारी वेगळ्या घडणीची प्रारूपेही असतात. त्यांचा मजकूर वाचायला ओबडधोबड असतो, पण शिकणाऱ्याला तोच हवा. मराठीसाठी या जातीची प्रारूपे आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाने खुली केली आहेत. तिसरी युक्ती सर्वांत सोपी आहे. ज्या शब्दजोडीची शंका आहे ती संदर्भाशिवाय बोला. ‘नवरा नाशिकला गेला’ या वाक्यात यंत्र नवऱ्याच्या बाजूने कौल देऊ शकते; ‘मी आता अमुक हा शब्द म्हणते’ या चौकटीत त्याला कानावरच विसंबावे लागते.

एक इशारा. मुद्रणात लांब शांतता असेल तर या यंत्रांची कल्पनाशक्ती जागी होते आणि कोणी न बोललेली वाक्ये मजकुरात येतात. व्हिस्पर ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकते. विचार करत तुम्ही दहा सेकंद गप्प बसलात तर त्या जागी काय उगवेल सांगता येत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी वाचाघात झालेल्या आणि इतर व्यक्तींची मुद्रणे तपासली, तेव्हा सुमारे एक टक्का तुकड्यांत असा मनचा मजकूर आढळला होता, आणि बोलण्यात जास्त वेळ थांबणाऱ्यांच्या बाबतीत त्याचे प्रमाण अधिक होते. शिकाऊ माणूसही थांबत थांबतच बोलतो.

जर्मनमास्तर

तंत्रवेडा यांनी यंत्राची बाजू सांगितली, मी वर्गाची सांगतो. मी गेली अठरा वर्षे जर्मन शिकवतो. अलीकडे माझ्या वर्गात जर्मनीत नोकरीला जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकाही असतात. त्यांच्यासाठी बोलणे हा हौसेचा विषय नाही. गोएथे संस्थेच्या बी-वन या जर्मनच्या परीक्षेत बोलण्याचा विभाग स्वतंत्र आहे आणि त्यात १०० पैकी ६० गुण वेगळे मिळवावेच लागतात. जोडीदारासोबत एखादा बेत आखणे, एका विषयाची मांडणी करणे आणि त्यावर प्रश्नोत्तरे, असे सुमारे पंधरा मिनिटांचे ते स्वरूप आहे.

रिचर्ड श्मिट या भाषाशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती: जे शिकणाऱ्याच्या लक्षातच येत नाही ते तो आत्मसात करू शकत नाही. शिक्षक म्हणून मला ट्रान्सक्रिप्टचे मोल इथे वाटते. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला समोर राहतो. पण मग लक्षात आणून देण्याचे काम यंत्राने करून चालत नाही, विद्यार्थ्यानेच करायला हवे. मी आमच्या वर्गात पद्धत अशी ठेवली आहे की यंत्राचा मजकूर छापील कागदावर मिळतो आणि विद्यार्थिनीने हेडफोन लावून लाल पेनाने तो ‘बिघडवायचा’. जिथे ती अडखळली तिथे अडखळणे लिहायचे, जिथे यंत्राने प्रत्यय दुरुस्त केला तिथे आपला चुकीचा प्रत्यय परत आणायचा. तीन मिनिटांच्या बोलण्याला पाऊण तास लागतो. पहिल्या दिवशी सगळ्या कुरकुरतात. साताऱ्याची एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, हे म्हणजे इस्त्री केलेला कपडा परत चुरगळायचा.’ तिला मी म्हटले, चुरगळलेला कसा होता ते तुला पाहायचे आहे. त्या कागदावर तिला स्वतःलाच दिसले की गौण वाक्यात क्रियापद शेवटी नेताना ती दर वेळी त्याच्या आधी थांबते. मराठीतही क्रियापद शेवटीच असते, तरी जर्मन बोलताना तिच्या डोक्यात इंग्रजीची वाक्यरचना चालू होती. हे मी तिला दहा वेळा सांगितले होते. कागदाने एकदाच सांगितले.

उच्चारांबाबत मात्र मी यंत्राला फार जवळ येऊ देत नाही. चर्चसाठीच्या जर्मन शब्दात टाळूपाशी घासून येणारा एक ध्वनी आहे; तो शब्द आमची मुले ‘किर्शे’ म्हणतात आणि त्याचा अर्थ चेरी होतो. ‘आम्ही रविवारी चेरीत जातो’ असे कोणी म्हणत नाही म्हणून यंत्र गुपचूप चर्च लिहिते. पण खरे सांगायचे तर ऐकणारा जर्मन माणूसही तेच करतो. ट्रेसी डर्विंग आणि मरी मन्रो या भाषासंशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की परकी धाटणी जाणवणे वेगळे आणि बोलणे न कळणे वेगळे. ठळक परकी धाटणी असूनही बोलणे पूर्ण कळू शकते. म्हणून यंत्राला तुमचे बोलणे कळले तर ‘कळते’ एवढाच निष्कर्ष काढावा, ‘उत्तम आहे’ असा काढू नये, आणि तेवढ्याने भागणारे असेल तर पुढे सरकावे.

एक जुनी पद्धतही सुचवतो. पॉल नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांमुळे ती शिक्षकांत पसरली. एकच गोष्ट पहिल्यांदा चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची. आम्ही तिन्ही वेळचा मजकूर शेजारी शेजारी ठेवतो. तिसऱ्या खेपेस रिकामे थांबे कसे आटतात, हे विद्यार्थिनीला डोळ्यांनी दिसते.

नागोयावासी

मी इथे जपानात बारा वर्षे दुभाष्याचे काम करतो. वरील सर्वांशी सहमत आहे, फक्त जपानीपुरत्या काही गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट सुरांची. तोक्योच्या बोलीत ‘हाशि’ हा शब्द आधी वर आणि मग खाली म्हटला तर जेवणाच्या काड्या, आधी खाली आणि मग वर म्हटला तर पूल. यंत्र कांजी निवडते ती संदर्भावरून, त्यामुळे तुम्ही पुलाने भात खाल्ला तरी मजकुरात काड्याच येतील. सुरांच्या सरावासाठी ट्रान्सक्रिप्ट जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यासाठी तोक्यो विद्यापीठातून चालणारा ओजॅड नावाचा ऑनलाइन सूरकोश पाहावा, आणि स्वतःचा सूर डोळ्यांनी पाहायचा असेल तर ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेले प्राट हे मोफत साधन वापरावे. त्यात आवाजाची रेघ दिसते. मातृभाषकाची रेघ वर आणि आपली खाली ठेवली की वाद मिटतो.

दुसरी गोष्ट हुंकाराची. आपल्याकडे कहाणी सांगताना ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचे असते, नाहीतर सांगणारा थांबतो. जपानी संभाषण सगळे या हुंकारावर तोललेले असते. ‘हाय’, ‘ए’, ‘सो देसु ने’ असे ऐकणारा सतत म्हणत राहतो आणि ते वेळेवर आले नाही तर समोरचा माणूस ‘ऐकताय ना?’ असे विचारतो. धागाकर्ती रोज तीन मिनिटे एकटी बोलते, त्यात हे अंग कधीच घडणार नाही. श्रुतलेखनात तर असले उद्गार कचरा म्हणून वगळले जातात. यासाठी मी नवख्या दुभाष्यांना आकाशवाणीसारखी मुलाखत लावून तिला फक्त हुंकार द्यायला सांगतो. एक शब्दही बोलायचा नाही, केवळ योग्य जागी ‘हं’.

तिसरी गोष्ट आनंदाची आहे. एआय व्याकरण समजावते ते इंग्रजीच्या वाटेने, आणि मराठी माणसाला तो वळसा आहे. ‘शिते मिरु’ म्हणजे ‘करून पाहणे’, ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’, ‘शिते शिमाउ’ म्हणजे ‘करून टाकणे’ किंवा ‘करून बसणे’. शब्दशः तेच. इंग्रजीत यांना तीन-तीन ओळींचे स्पष्टीकरण लागते. एआयला सांगा की मला मराठीत आणि मराठीच्या जोडीने समजाव. मराठी कधी कधी थोडे डगमगते, पण उदाहरणे उपयोगी निघतात. ‘त्सुकुए’मधला पहिला ध्वनीही शोधत बसू नका, तो ‘चाक’मधल्या ‘च’च्या अगदी शेजारी आहे.

कोथरूडच्या आजी

मी इथे सहसा वाचनमात्र असते, पण हा विषय आमच्या स्वयंपाकघरात रोज चालू आहे म्हणून लिहिते. आमची सून लखनौची. तिने मराठी शिकायचे मनावर घेतले आहे आणि नातवाने तिच्या फोनवर बोललेले लिहून देणारी सोय सुरू करून दिली. ती फोनला म्हणते, ‘मला वेळ नाही’, आणि फोन लिहितो, ‘मला वेल नाही’. पहिल्या दिवशी ती फोनवर चिडली. मी तिला जीभ मागे वळवून टाळूला लावायला शिकवली, आरशासमोर. आता दहात सात वेळा ‘वेळ’ येते, आणि ते आले की ती मला पडदा दाखवायला ओट्यापाशी येते. शेजारच्या तमिळ मुलीला ‘ळ’ जन्मजात येतो, पण तिची ‘भाजी’ फोन ‘बाजी’ लिहितो. प्रत्येकीची अडचण वेगळी.

पण जर्मनमास्तर म्हणतात ते आमच्याकडेही झाले. सून ‘मी पुस्तक वाचली’ म्हणते, हिंदीत किताब स्त्रीलिंगी म्हणून. फोन कधी तसे लिहितो आणि कधी आपणच ‘वाचले’ करतो. त्यामुळे तिला वाटते की कधी बरोबर येते आणि कधी चुकते, प्रत्यक्षात ती दर वेळी चुकते. आणि ‘जग’ हा शब्द तर त्या यंत्राला देऊच नये. ‘सारे जग’ आणि ‘शंभर वर्षे जग’ यांतला ‘ज’ वेगळा, पण आपल्या लिपीतच तो फरक दिसत नाही, तर बिचारे यंत्र काय दाखवणार. तिथे सासूच लागते.

मसुदाकारकून

एक व्यवहाराची सूचना. स्वतःचे तीन मिनिटांचे मुद्रण कुठेही द्या, पण कार्यालयातील बैठकीचे मुद्रण सरावासाठी बाहेरच्या सेवेला देऊ नका. त्यात ग्राहकाचा आवाज आणि व्यवसायाची माहिती असते. आवाजही वैयक्तिक माहितीच आहे आणि आपल्याकडे २०२३ मध्ये तिच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. आमच्या ओळखीतल्या एकाने अशा हौसेपायी लेखी खुलासा दिला आहे. व्हिस्परसारखी मुक्त प्रारूपे स्वतःच्या लॅपटॉपवर, महाजालाविना चालतात. त्यांतली लहान आवृत्ती साध्या यंत्रावरही पुरते.

इंद्रायणीकाठ

सर्वांचे आभार. गेले तीन आठवडे वरच्या सूचना वापरून पाहिल्या, त्यातून जे टिकले ते लिहिते.

लाल पेनाची पद्धत मी रोज करू शकत नाही, पण रविवारी करते, आणि सहा दिवसांच्या यंत्रलेखनापेक्षा त्या एका तासात जास्त हाती लागते. पहिल्या रविवारी माझा ‘एत्तो’ नेमका कुठे येतो ते मोजले. शब्द आठवत नाही म्हणून येणारे जेमतेम सहा होते. बाकी सगळे वाक्य सुरू करण्याआधी, सवयीने. ‘का होणार नाही’ या प्रश्नाला उत्तर देताना मी अडकले ते शब्दांअभावी नव्हे, तर कारण आधी सांगावे की क्षमा आधी मागावी, हे मला ठरवता येत नव्हते. नागोयावासींना विचारले तेव्हा ते म्हणाले की आधी परिस्थिती सांगा, मग कारण, मग नवी तारीख. क्षमा पहिल्या वाक्यात एकदा आणि शेवटी एकदा. आता मी त्या क्रमाने चार-तीन-दोन मिनिटांचा सराव करते.

एआयला मी आता ‘सुधारून दे’ म्हणत नाही. सूचना अशी देते: ‘हे बोललेले आहे, लिहिलेले नाही, म्हणून पुन्हा लिहू नकोस. अर्थ बदलणाऱ्या किंवा ऐकणाऱ्याला अडवणाऱ्या जास्तीत जास्त तीन चुका दाखव. बरोबर रूप लगेच सांगू नकोस, आधी मला प्रयत्न करू दे. उच्चाराबद्दल काही बोलू नकोस, तू माझा आवाज ऐकलेला नाहीस.’ शेवटचे वाक्य घातल्यापासून कौतुक बंद झाले. तिसऱ्या सूचनेला मात्र ते अजूनही अधूनमधून बधत नाही आणि उत्तर फोडून मोकळे होते.

शंकासुर

ताई, माघार घेत नाही, पण विचारतो. माझी मुलगी फ्रेंच शिकते आहे आणि तिला स्वतःचा आवाज ऐकायचीच लाज वाटते. मुद्रण केले की लगेच पुसून टाकते. तिथे काय करावे?

कोथरूडच्या आजी

सुनेचेही तसेच होते. तिने पहिले पंधरा दिवस आवाज ऐकलाच नाही, फक्त लिहिलेले पाहिले. एके दिवशी फोनने तिच्या ‘कांदेपोहे’चे काहीतरी भलतेच लिहिले आणि आपण नेमके काय म्हणालो हे ऐकायला तिने आपणहून मुद्रण लावले. मुलीला आधी वाचू द्या. एखादा शब्द असा यायला हवा की तिला राहवणार नाही.